घरच्या रुपयाची कड

काकू,

तुमचा रुपया रविवारपासून माझ्या टेबलावर आहे. कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आधी तो जागेवर आहे ना ते बघते. उचलते, परत ठेवते. वह्या तपासायला घेते आणि मध्येच नजर तिकडे जाते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आगं, एक तर धर न्हाई तर सोड. कोंबडीवानी काय करून राहिलीस."

तुमचे चिरंजीव, शिवराजअण्णा, लातूरहून स्वतः नांदेडला आले आणि तुमचा नाण्यांचा डबा आणि हा रुपया माझ्या खोलीवर ठेवून गेले. शुक्रवारी ते मुंबईला निघणार आहेत. नाणी तपासून देणाऱ्या तिथल्या एका कंपनीत त्यांना हातोहात द्यायची आहेत. नाणं अस्सल आहे का ते कंपनी सांगते, सत्तरपैकी गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवते. अण्णा जास्त बसले नाहीत. जाताना दारात म्हणाले, "डब्यातलं काय पाठवायचं ते मुक्ता ठरवंल, असं अव्वानं सांगितलंय. आन् देवघरातला हा रुपया बी तिलाच बघू द्या म्हणली."

डब्याचं ठीक आहे. पण देवघरातला मला बघायला सांगून तुम्ही निघून गेलात. का सांगितलंत, हे विचारायला तुम्ही हव्या होतात.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का? लातुरात शिकायला येणाऱ्या पोरीला सगळे आधी टक्के विचारतात. मेसवाल्या मावशी विचारतात, रिक्षावाला विचारतो. मी मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून पत्र्याची पेटी घेऊन तुमच्या दारात उभी होते, टक्के सांगायच्या तयारीत. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच, त्यामुळे मला तेवढं एकच सांगता येत होतं. तुम्ही म्हणालात, "हात दाव." मला वाटलं, जात बघता की काय. तुम्ही नखं बघितलीत. "बरी हायत. कापू नकोस. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, नखाची माणूस पायजे होती." गच्चीवरची खोली मला अशी मिळाली.

दर मंगळवारी तुम्ही मला गंजगोलाईच्या बाजारातल्या सराफाकडे न्यायचात. मोडीत आलेली चांदी तो बुधवारी आटवायचा. तुटकी पैंजणं, वाकडे तोडे, करदोटे आणि त्यांच्यात मिसळलेले जुने रुपये. तुमच्या पिशवीत तुमच्याच घरातली जुनी चांदी असायची. ढिगातला रुपया निवडायचा आणि त्याच्या वजनाइतकी पैंजणं ढिगात टाकायची, वजनाला वजन. सराफ तुम्हाला बघूनच म्हणायचा, "आल्या का भट्टी इजवायला." तुम्ही म्हणायचात, "इजली तर तुझी बायको पेढे वाटंल. किती धूर खाऊन राहिलास." मग तो स्वतःच ढीग तुमच्याकडे सरकवायचा आणि चहा सांगायचा.

तिथे मी शिकले. आधी कड, मग आवाज, मग तोंड. नवी माणसं आधी तोंड बघतात, राणीच्या चित्राचं किंवा निजामाच्या चारमिनारचं, आणि तिथेच भुलतात असं तुमचं म्हणणं. टाकसाळीतल्या रुपयाच्या कडेला दाते असतात, सारखे, सरळ, एकामागे एक. साच्यात ओतलेल्या नाण्याचे दाते बुजलेले असतात आणि मधून शिवणीसारखी बारीक रेघ जाते. डोळे मिटून अंगठ्याच्या नखावर कड फिरवायची, की नख सांगतं. माझं नख सांगायला लागलं तेव्हा तुम्ही सराफाला म्हणालात, "बघ, माझे डोळे आले."

खोटे म्हणावेत असे रुपये त्या ढिगात खूप निघायचे. आपल्याकडे ते फसवायला केलेलेच असतात असं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. लक्ष्मीपूजनासाठी, लग्नातल्या ओटीसाठी सराफ जुन्यासारखे रुपये पाडून विकतात. घेणाऱ्या बाईला ते पूजेचे आहेत हे माहीत असतं. तिच्या सुनेला अर्धवट माहीत असतं. नातसुनेपर्यंत तो निजामाचा खजिना झालेला असतो. एकदा देवणीकडची एक बाई असा रुपया घेऊन सराफाकडे आली होती. पोराच्या दवाखान्यासाठी तिला तो मोडायचा होता आणि सासूने तो लाखाचा म्हणून सांगितलेला होता. सराफाने तो तुमच्या हातात दिला. तुम्ही तिला शेजारी बसवलंत, तिच्या नखाला कड लावलीत आणि म्हणालात, "बाई, हा पूजेचा हाय. चांदीचं मोल येईल, जास्तीचं न्हाई." ती रडली. परतताना मी म्हणाले, जरा हळू सांगायचं होतं. तुम्ही गोलाईच्या रस्त्यात थांबून मला म्हणालात, "हळू सांगितलं म्हणून रुपया बदलतो काय?"

तुम्हीही चुकायचात, आणि ते मला फार आवडायचं. माळेगावच्या जत्रेतून तुम्ही मोठ्या कौतुकाने एक रुपया आणलात. कड उत्तम, आवाज ठीक. पण माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल नुकतंच झालं होतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर मी पाण्याचा पेला ठेवला, रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडला, आणि वजनांचा भागाकार करून सांगितलं की हा चांदीचा नाही, वरून मुलामा आहे. तुम्ही रुपया पाण्यातून काढून पदराने पुसलात. "पाण्यात बुडवून खरं-खोटं? मग आम्ही इतकी वर्सं नखं कशाला झिजवली?" असं म्हणून हसलात. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो पेला वेगळा काढून ठेवलात आणि शंका आली की मला गच्चीवरून हाक मारायला लागलात. त्या हाकेने मला काय दिलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी शिकत होते ते कुणाच्या तरी कामाचं आहे, हे मला त्या पेल्याने पटलं. आज मी पोरांना घनता शिकवते, ती त्याच पेल्यापासून सुरू करते.

बाबा एकदा मला भेटायला आले, गावाकडचे मूग घेऊन. दुसऱ्यांच्या शेतात राबलेला माणूस, तुमच्या फरशीवर पाय ठेवायला कचरत पायरीवरच बसले. या बसा म्हटलं असतंत तर ते उठले नसते. तुम्ही विचारलंत, "पाव्हणं, डोळे बरे हायत का तुमचे? मग आत या, जरा काम हाय." आणि त्यांच्यापुढे नाण्यांचं ताट ठेवून सालवार लावायला बसवलंत. दुपारभर दोघं खाली मान घालून बसला होतात. जेवायलाही तिथेच. एसटीत बसताना बाबा म्हणाले, "बाई लई हुशार हाय, मला कामाला लावलं." कुठल्या अर्थाने हुशार, ते त्यांनाही कळलं होतं.

ग्रेडिंगवरून, नाण्यांना असे गुण देण्यावरून, आपलं कधी पटलं नाही. मी म्हणायचे, सगळी नाही, पण काही नाणी पाठवायला हवीत. ज्याच्या नकला फार निघतात असं नाणं पाठवावं, कारण तिथे अस्सलपणाचा दाखलाच महत्त्वाचा. न वापरलेलं, टाकसाळीतून आल्यासारखं नाणं पाठवावं, कारण तिथे एकेका गुणाने किंमत बदलते. साधा झिजलेला रुपया पाठवून उपयोग नाही, फी आणि टपालच त्याच्याहून जड. घासलेला किंवा माळेत ओवायला कडी झाळलेला रुपया तर नाहीच. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि शेवटी एकच विचारायचात, डबीत बंद केल्यावर कड कशी बघायची? मी सांगायचे, बघायची गरजच राहत नाही, दुसऱ्याने बघून दिलेलं असतं. "म्हंजे बघायचं काम सपलं," तुम्ही म्हणायचात, "आन् बाजारात फिरून झिजला त्याला कमी मार्क, पेटीत लपून बसला त्याला जास्ती. हे कुठलं बोर्ड?" मार्कांवरच इथवर आलेली मी, मार्कांची बाजू घेत राहायचे. तुमचा मुद्दा अर्धा खरा होता, काकू. अर्धा माझाही खरा होता. वाद तिथेच राहिला.

देवघरातल्या रुपयाला मात्र आपण दोघींनीही या वादात कधी घेतलं नाही. चारमिनारचा हाली रुपया, निजामाच्या राज्यात चालणारा. रझाकाराच्या काळात तुमची आई उदगीरकडचं गाव सोडून अंधारातून निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीच्या बाजूला निघाली, तेव्हा पदराच्या गाठीत एवढाच होता. तुमचा जन्म त्यानंतरचा. लग्नात तिने तो तुमच्या ओटीत घातला. रोज इष्टलिंगाची पूजा झाली की भस्माची तीन बोटं तुम्ही त्या रुपयावरूनही ओढायचात. इतकी वर्षं रोज. चारमिनारचे मिनार आता नुसते हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. अक्षरांच्या खोबणीत पांढरं भस्म बसलंय.

मग एका पावसाळ्यात, डाळ निवडताना, तुम्ही तुमच्या मावशीचं एक बोलणं मला सांगितलंत. कुठल्याशा लग्नात, पंगतीत, चारचौघींसमोर तुमची मावशी म्हणाली होती, "तुझ्या आईचा रुपया बार्शीतच मोडला ज्वारीपायी. तुझ्या ओटीत घातला तो सराफाकडचा, पूजेचा." आई तेव्हा हयात नव्हती, विचारणार कुणाला. मी लगेच म्हणाले, त्यात काय, कड बघू या, पेला आणते. मी उठलेसुद्धा. तुम्ही माझा हात धरून खाली बसवलंत. "न्हाई. आपल्या घरचं नाणं आपण तपासायचं नसतंय. डोळा माया करतो. खोटं असलं तरी खरं दिसतं. कवा बघायचंच असंल तर बाहेरच्यानं बघावं."

मी डाळ निवडत राहिले. पण मनात आलं होतं की मी तर बाहेरचीच आहे, भाडेकरू आहे, मग मला का बघू देत नाही? आणि त्या विचाराने मला आतून बरं वाटलं होतं. तुम्ही मला हात लावू दिला नाही, म्हणजे तुमच्या हिशेबी मी घरातली होते. नंतर किती वर्षं मी त्या नकारावर जगले, काकू. नोकरी लागून नांदेडला आले, दिवाळीला तुमच्याकडे यायचे, अण्णांच्या मुलांना माझी ओळख करून देताना तुम्ही नातं सांगायचा नाहीत, नुसतं म्हणायचात, "ही आपली मुक्ता." तेवढं मला पुरायचं.

आणि आता तुम्ही सांगून गेलात, देवघरातला तिलाच बघू द्या.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. लातूरला पोचले तर तुमच्या लिंगायत रीतीने तुम्हाला बसवलेलं होतं, कपाळभर भस्म, गळ्यात झेंडू. माती देताना मी बायकांच्या मागे उभी होते. कोण कुणाची काय लागते याने तिथे रांगा आपोआप लागत होत्या आणि मला माझी रांग कळत नव्हती. अण्णांनी मागे वळून बघितलं आणि हाताने पुढे ये अशी खूण केली. मी पुढे झाले, माझ्या हातचं बेलपान पडलं. पण नंतर ते वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून चैन नाही. तुमच्याच नियमाने बघायचं तर बघणारा बाहेरचा हवा. म्हणजे शेवटी शेवटी तुम्ही मला बाहेरची ठरवलंत का? की नियमच सोडलात? की शेवटच्या आजारात मावशीचं बोलणं तुम्हाला इतकं खुपायला लागलं की कुणीही बघा पण सांगा, असं झालं? मी तिन्ही उत्तरं घोळवते. एकही धड बसत नाही.

डब्याचं काम सोमवारी झालं. बहुतेक राणीचे आणि पंचम जॉर्जचे रुपये बाजूला काढले, त्यांना पाठवण्यात अर्थ नाही, ते अण्णांच्या मुलांनी हाताळावेत. कडी काढून कड घासलेले दोन तुम्ही हौसेने ठेवले होतेत, तेही राहू देत. सराफाच्या ढिगातून तुम्ही एकदा जवळजवळ नवा कोरा हाली रुपया उचलला होता, मिनारांवरची नक्षीसुद्धा जिवंत असलेला, तो पाठवायचा. त्याच्या नकला खूप आहेत, आणि तो अस्सल असल्याचं कुणीतरी लिहून द्यायला हवं. आणखी दोन-तीन तसेच. वाद घालायला तुम्ही समोर नसल्याने काम भराभर झालं आणि अजिबात आवडलं नाही.

काल मात्र देवघरातला घेतला. कॉलेजची प्रयोगशाळा दुपारी रिकामी होती. भस्म पुसलं नाही. घनतेला झिजेने फरक पडत नाही, हे मी दरवर्षी शिकवते, म्हणून आधी पाणी. मोजलं. आकड्यावर विश्वास बसला नाही, पुन्हा मोजलं. परत आकडा तोच. वाटलं, मीच माझ्या सोयीने वाचतेय, म्हणून काटा बदलला. मग भिंग घेतलं. मग डोळे मिटून नखावर कड फिरवली, कारण भस्माची बोटं तोंडावरून गेली होती, कडेवरून नाही. जे काय सांगायचं ते कडच सांगणार होती. बराच वेळ फिरवली. प्रयोगशाळेतला शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, बाई, बंद करू का.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. म्हणाले, "बघितलास? काय हाय?"

मी म्हणाले, अण्णा, हाही पाठवा.

ते चक्रावले. सोमवारीच फोनवर मी त्यांना समजावलं होतं की भस्माने घासलेल्या नाण्याला कंपनी गुण देत नाही, फार तर अस्सल एवढं लिहील, किंवा तेही लिहिणार नाही. त्यांनी तेच मला ऐकवलं. "गुण न्हाई, भाव न्हाई, मग फी कशाला? तू बघितलंस ना, तूच सांग की. अव्वानं तुला बघाय सांगितलंय."

मी सांगितलं की माझं सांगणं चालणार नाही. मावशीचं बोलणं अण्णांना माहीत होतं, नियम माहीत नव्हता. तो सांगितला. घरच्या नाण्यावर घरच्या माणसाचा डोळा माया करतो, म्हणून बाहेरच्याने बघायचं. मुंबईतल्या त्या माणसाला तुमची आई माहीत नाही, बार्शी माहीत नाही, त्याच्यापुढे हा नुसता एक झिजलेला रुपया. त्याला बघू दे.

अण्णांनी गिऱ्हाईकाला जरा थांबायला सांगितलं. फोनमध्ये त्यांच्या दुकानातली माणसं ऐकू येत होती. मग म्हणाले, "बरं. म्हंजे तू आमच्यातलीच, असं तुझं म्हणणं." त्यांच्या आवाजात चेष्टा होती आणि नव्हतीही. मी "हाव, तसंच" म्हटलं. "मग शुक्रवारी सकाळी येतो," ते म्हणाले. "पोहे करून ठेव, उपाशी निघणार हाय."

काकू, तुम्ही मला काय समजून ते सांगितलंत, हे मला आता कधीच कळणार नाही. तुम्ही मला बाहेरची समजून सांगितलं असेल तर तुमचं ते एक ऐकत नाहीये. मी रुपया मऊ कापडात गुंडाळलाय, भस्मासकट. वर काही लिहिलेलं नाही. मला काय दिसलं ते अण्णांना सांगितलं नाही आणि मुंबईचं उत्तर येईपर्यंत कुणालाच सांगणार नाही. त्यांचं उत्तर उलट आलं तर माझ्या नखाची चूक मानेन आणि अण्णांसमोर मान्य करेन.

पण तुम्हाला सांगते. दाते शाबूत आहेत, काकू. सारखे, सरळ, एकामागे एक, कुठेही शिवण नाही. पाण्यातही बरोबर उतरला. माझा डोळा माया करतोय हे धरूनच ऐका, पण मला असं दिसतंय की तुमच्या आईने तो मोडला नव्हता. इतकी वर्षं तुम्ही रोज त्याच्या तोंडावरून बोटं फिरवलीत. एकदा, फक्त एकदा, कडेवरून फिरवायची होती.